फोन हरवला असता : दुसऱ्या किल्लीचा विचार

शेतकऱ्याच्या घरी एखादे अवजार मोडले म्हणून हंगाम थांबत नाही. पाभरीचा फण तुटला तर तो लोहाराकडून बसवून घेता येतो. विहिरीवरील मोटार जळाली तर ती भरून येईपर्यंत शेजाऱ्याची मोटार मागून आणून पिकास पाणी देता येते. परंतु अलीकडे आपल्या हाती असे एक अवजार आले आहे की, ते हरवले वा मोडले असता शेजाऱ्याचे तसलेच अवजार मागून काम भागत नाही. हे अवजार म्हणजे मोबाइल फोन होय. शेजाऱ्याच्या फोनवरून आपणांस बोलता येते. पण आपल्या नावे येणारा सहा आकड्यांचा संदेश त्याच्या फोनवर येत नाही, आणि तो संदेश आल्याखेरीज बँकेचे, तालुक्याचे व शासनाचे कित्येक दरवाजे उघडत नाहीत.

गेल्या खरिपात आमच्या परिचयाच्या, तापीकाठच्या एका खातेदारावर असाच प्रसंग गुदरला. भाद्रपदात विहिरीतील पंप वर काढताना त्याच्या खिशातील फोन पाण्यात पडला. फोनची किंमत फार नव्हती; तेवढे नुकसान त्याने सोसले असते. परंतु नवे सिमकार्ड घेण्यास तो दुकानी गेला, तेव्हा असे आढळले की, तो नंबर त्याच्या दिवंगत वडील बंधूंच्या नावावर होता. सबब त्यास सिमकार्ड मिळेना. त्याच्या आधारास तोच नंबर जोडलेला. बँकेस तोच दिलेला. नेमके त्याच पंधरवड्यात एका योजनेतून ठिबक संचासाठी त्याची निवड झाली होती आणि कागदपत्रे पाठविण्याची मुदत चालू होती. आज दुकान, उद्या बँक, परवा आधार केंद्र असे हेलपाटे घालता घालता मुदत संपली. संच त्या वर्षी मिळाला नाही. यात कोणी लबाडी केली नाही वा कोणी हयगयही केली असे म्हणता येत नाही. एका कुलपाची एकच किल्ली होती आणि ती विहिरीत पडली, एवढीच गोष्ट घडली.

असे प्रसंग शिंदखेडा तालुक्यात आता विरळ राहिलेले नाहीत. म्हणून हे कुलूप काय आहे, त्याची किल्ली नेमकी कोठे असते, ती हरवल्यास कोणत्या क्रमाने काय करावे, आणि मुख्य म्हणजे हरवण्यापूर्वी काय तजवीज करून ठेवावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहो.

दुहेरी कुलूप म्हणजे काय?

सरकारी खजिन्याच्या तिजोरीच्या खोलीस दुहेरी कुलूप असे, हे जुन्या मंडळींस ठाऊक असेल. एक किल्ली खजिन्याच्या अधिकाऱ्यापाशी आणि दुसरी खजिनदारापाशी. दोघे हजर असल्याखेरीज खोली उघडावयाची नाही, म्हणजे एकाची किल्ली चोरीस गेली तरी पैका सुरक्षित. फोनवरील दुहेरी पडताळणीचे तत्त्व हेच आहे. मनुष्याची ओळख तीन प्रकारांनी पटविता येते : त्यास ठाऊक असलेल्या गोष्टीवरून, जसे पिन किंवा परवलीचा शब्द, त्याच्यापाशी असलेल्या वस्तूवरून, जसे बँकेचे कार्ड किंवा सिमकार्ड, आणि त्याच्या अंगच्या खुणेवरून, जसे अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा. यांपैकी दोन निरनिराळ्या प्रकारच्या खुणा जुळल्या तरच दार उघडणे, यास दुहेरी पडताळणी म्हणतात.

रिझर्व्ह बँकेने कार्डाने दुरून होणाऱ्या व्यवहारांस अशी दुसरी पडताळणी २००९ सालापासून सक्तीची केली. पुढे फोनवर संदेशाने येणारा, एकदाच व थोडा वेळच चालणारा अंक, ज्यास आपण सर्वजण ओटीपी म्हणतो, तो या कामी सर्वत्र रूढ झाला. हा बंदोबस्त निरर्थक आहे असे कोणी समजू नये. बाजाराच्या दिवशी कोणी मागे उभे राहून आपला पिन पाहिला, तरी आपला फोन त्याच्या हाती नसेल तर तो आपल्या खात्यास हात लावू शकत नाही. तेव्हा कुलूप काढून टाकणे हा उपाय नव्हे.

तथापि खजिन्याच्या व्यवस्थेत आणखी एक दंडक होता, तो मात्र आपण विसरलो. त्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या त्याच इमारतीत न ठेवता, मोहरबंद करून अन्यत्र ठेवीत असत. कुलूप जितके मजबूत, तितकी दुसऱ्या किल्लीची व्यवस्था आधी. आपण कुलूप घेतले, पण दुसरी किल्ली करून ठेवली नाही. आपल्या पुष्कळशा त्रासाचे मूळ येथेच आहे.

एका नंबरावर काय काय टांगलेले आहे?

पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांनी मिळतात, आणि त्यासाठी खातेदाराची ई-केवायसी झालेली असावी लागते. तिचा सोपा मार्ग आधारास जोडलेल्या नंबरावर येणारा अंक हाच आहे. राज्य शासनाने २०२३ साली सुरू केलेला नमो शेतकरी महासन्मान निधी याच यादीवर चालतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः फोनवरून करावयाची आहे. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांस शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. तो काढतानाही आधाराच्या नंबरावर संदेश येतो.

कापूस पिकविणाऱ्या आपल्या भागास याचा आणखी एक फटका आहे. भारतीय कपास निगमाने २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या फोनवरील नोंदणीचा व वेळ ठरवून घेण्याचा क्रम घातला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये व मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. नोंदणी हुकली की माल खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यास, तो देईल त्या दराने घालणे भाग पडते. दर क्विंटलास जो फरक पडेल तो दहा-वीस क्विंटलांवर मांडून पाहिला म्हणजे फोन हरवण्याची खरी किंमत ध्यानी येईल.

फोन, सिमकार्ड व नंबर या तीन वस्तू निराळ्या

फोन गेला की सर्व गेले अशी समजूत पुष्कळांची असते, ती बरोबर नाही. कोणती वस्तू गेली हे प्रथम ओळखावे, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार, फोन फुटला वा भिजला पण सिमकार्ड शाबूत आहे. हा सर्वांत हलका. तेच सिमकार्ड घरातील दुसऱ्या, अगदी साध्या बटणांच्या फोनमध्ये घातले तरी संदेशाने येणारे अंक त्यावर येऊ लागतात. बँकेचे व पैसे पाठविण्याचे ॲप मात्र नव्या फोनवर पुन्हा नोंदवून घ्यावे लागते. ज्यांचे सिमकार्ड फोनच्या आतच नोंदलेले, म्हणजे ई-सिम आहे, त्यांस ही सोय नाही, हे असा फोन घेतानाच ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार, फोन व सिमकार्ड दोन्ही गेली. अशा वेळी नंबर आपलाच राहतो. फक्त त्याचे नवे सिमकार्ड कंपनीकडून घ्यावयाचे असते. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने स्वतः ओळखपत्रासह गेले पाहिजे. नवे सिमकार्ड चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर संदेश येत-जात नाहीत. तशी सूचना दूरसंचार विभागाने २०१६ साली कंपन्यांस दिली. अडलेल्या मनुष्यास हा विलंब जाचक वाटतो, परंतु त्यास कारण आहे. दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड लबाडीने काढून त्याचे खाते रिकामे करणाऱ्या टोळ्या पुष्कळ झाल्या. या एका दिवसात खऱ्या मालकास आपला फोन मुका झालेला कळावा व त्याने बँकेस सावध करावे, हा त्यातील हेतू. सबब मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत काम ठेवणाऱ्याने या २४ तासांचा हिशेब मनात धरावा.

तिसरा प्रकार, नंबरच गेला. हा सर्वांत कठीण. नंबर दुसऱ्याच्या नावावर असणे, अथवा रिचार्ज न केल्याने तो बंद पडणे, ही याची दोन मुख्य कारणे. ९० दिवस वापर न झालेला व शिल्लक नसलेला नंबर कंपनीस बंद करता येतो. आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवस राखून पुढे नव्या ग्राहकास देता येतो, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे बँकेस व आधारास दिलेला जुना नंबर आपण बदलून घेतला नाही, तर आपल्या खात्याचे संदेश कालांतराने एखाद्या परक्याच्या फोनवर जाऊ शकतात.

चौथा प्रकार थोड्यांस लागू आहे, पण ईमेलवर व्यवहार करणाऱ्या बागाईतदारांनी व दुकानदारांनी तो समजून घ्यावा. काही खात्यांस संदेशाऐवजी फोनमधील एक ॲप दर ३० सेकंदांनी नवा अंक करून देते. खाते जोडताना एक गुप्त बीज फोनमध्ये व खात्याच्या मूळ यंत्रावर ठेवले जाते, आणि त्या बीजावरून व घड्याळाच्या वेळेवरून दोन्हीकडे एकच अंक तयार होतो. ही रीत चांगली आहे, कारण तिला सिमकार्डाची वा नेटवर्कची गरज नाही. परंतु बीज फोनबरोबर गेले तर तोच नंबर परत मिळूनही उपयोग होत नाही. यासाठी अशी खाती पूर्वीच काही राखीव अंक देतात. गूगल आठ आकड्यांचे दहा अंक देते व त्यांतील प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून पेटीत ठेवावेत. पेरणीपूर्वी घरचे बियाणे राखून ठेवणाऱ्यास याहून अधिक सांगणे नको.

आपल्याकडे अडचण अधिक का होते?

हे कुलूप ज्यांनी योजिले त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस, त्याचा एक फोन व त्याच्याच नावाचा एक नंबर असे चित्र होते. आपल्या घरांतील स्थिती तशी नाही.

कित्येक घरांत आई, वडील, सून व मुलगा यांच्या चारही आधारांस एकच नंबर जोडलेला आहे, आणि तो बहुधा मुलाचा. तो मुलगा सुरतेस कामावर असतो. शिंदखेडा, नरडाणा वा दोंडाईच्याहून सुरतेची गाडी सोपी, म्हणून आपल्याकडील पुष्कळ तरुण तिकडे आहेत. मग सेवा केंद्रात वडील उभे, केंद्रचालक अंक मागतो, वडील मुलास फोन लावतात, मुलगा यंत्रावर कामात असतो, आणि तो अंक सांगेपर्यंत त्याची मुदत संपते. यात वेळ जातो हे तर खरेच. पण याहून वाईट गोष्ट अशी की, फोनवरून कोणी विचारला तर अंक सांगावयाचा असतो, अशी सवय घरातील सर्वांस लागते. भामट्यांस हेच हवे असते. ज्या घरात अंक रोज तोंडी सांगितला जातो, त्या घरात बँकेच्या नावाने बोलणाऱ्या चोरासही तो तितक्याच सहजपणे सांगितला जातो.

दुसरे कारण नावाचे. पूर्वी दुकानदाराने हाताशी असलेल्या कोणाच्याही कागदावर सिमकार्ड दिले. घरात ते कोणाच्या नावावर आहे हे कोणी पाहिले नाही. ते हरवल्यावरच ती चूक उघडकीस येते. दिवंगत माणसाच्या नावावरील नंबर वारसाच्या नावे करून घेता येतो. त्यास मृत्यूचा दाखला व वारसांची संमती लागते. परंतु हे काम निवांतपणाचे आहे, घाईचे नव्हे.

तिसरे कारण अर्ज भरणाऱ्याच्या सोयीचे. घाईच्या दिवशी फोन नसलेल्या वृद्ध खातेदाराच्या अर्जावर भरणाऱ्याने आपला किंवा शेजारी उभ्या असलेल्या कोणाचा तरी नंबर घातला, असे आम्ही पाहिले आहे. त्या दिवशी काम झाले. पण त्या खात्याची किल्ली कायमची परक्याच्या खिशात गेली. घरातील स्त्री खातेदारांच्या बाबतीत तर हे फारच आढळते. जमीन तिच्या नावावर, सातबारा तिच्या नावावर, आणि नंबर मात्र भलत्याचाच.

फोन हरवल्यावर करावयाची कामे

ही कामे सांगितल्या क्रमानेच करावीत. कारण फोन कोणाच्या हाती पडला आहे हे आपणांस ठाऊक नसते.

१. दुसऱ्याच्या फोनवरून प्रथम सिमकार्डाच्या कंपनीस कळवून नंबर तात्पुरता बंद करावा. सिमकार्ड चालू असेतोवर आपले अंक चोराच्या हाती येत असतात.

२. लगेच बँकेस कळवून फोनवरील बँकिंग व पैसे पाठविण्याची सोय थांबवावी. पैसे गेल्याचे आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. या कामी पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती अडवावयाची असते.

३. पोलीस ठाण्यात फोन हरवल्याची खबर देऊन तिची नक्कल घ्यावी.

४. ओळखपत्र नेऊन त्याच नंबराचे नवे सिमकार्ड घ्यावे. घाईने नवा नंबर घेऊ नये. नवा नंबर घेणे त्या दिवशी सोपे वाटते, पण मग बँक, आधार, गॅस, शेतकरी ओळख क्रमांक अशा दहा ठिकाणी तो बदलीत फिरावे लागते.

५. केंद्र शासनाने १६ मे २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर हरवलेला फोन बंद करण्याची विनंती नोंदवावी. त्यासाठी फोनचा १५ आकड्यांचा आयएमईआय क्रमांक, पोलिसांतील खबरेची नक्कल व आपले ओळखपत्र लागते. मग तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमकार्डावर चालत नाही. पुढे फोन सापडला तर तो तेथेच पुन्हा चालू करून घेता येतो.

६. नवे सिमकार्ड चालू होऊन २४ तास उलटल्यावर बँकेचे ॲप पुन्हा नोंदवावे, आणि खात्याचा उतारा एकदा नीट पाहावा.

या काळात ‘तुमचा फोन सापडला आहे, आलेला अंक सांगा’ असा कोणाचाही फोन आला तरी अंक सांगू नये. बँक, पोलीस वा सरकारी कचेरी आपला अंक तोंडी विचारीत नसते.

फोनवाचून उघडणारी दारे

नंबर परत मिळेपर्यंत सर्वच कामे थांबतात असे नाही. अंगच्या खुणेने उघडणारी काही दारे आहेत, ती माहीत असावीत.

किसान सन्मान निधीची ई-केवायसी सेवा केंद्रावर अंगठ्याच्या ठशानेही होते. तेथे ओटीपी लागत नाही. नांगर, कोयता व खताची पोती हाताळून ज्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्रास पुष्कळदा उमटत नाही. अशांसाठी जून २०२३ पासून त्या योजनेच्या ॲपवर चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. विशेष म्हणजे एका शेतकऱ्यास आपल्या फोनवरून आणखी १०० शेतकऱ्यांची ई-केवायसी अशा रीतीने करून देण्याची मुभा आहे. तेव्हा गावातील एक जाणता तरुण पुढे आला तर वृद्धांस तालुक्याच्या गावी जाण्याची गरज राहत नाही.

खात्यातील पैसे काढण्यास पासबुक घेऊन शाखेत जाणे हा जुना मार्ग आजही खुला आहे. एटीएम कार्ड व त्याचा पिन यांनी यंत्रातून पैसे मिळतात. आधाराशी जोडलेल्या खात्यातून बँकमित्राकडे अंगठ्याने रक्कम काढता येते. यासाठी पैसे पाठविणे कितीही सोपे झाले तरी एटीएम कार्ड चालू ठेवावे व पासबुक टाकून देऊ नये.

ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांच्या पिकांची नोंद करता येते. म्हणून भाऊबंदाच्या वा शेजाऱ्याच्या फोनवरून, आपल्याच शेतात उभे राहून, ती मुदतीत करून घ्यावी. तेही न जमल्यास गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, ज्यांस आपण अजून तलाठी म्हणतो, लेखी कळवून पोच घ्यावी.

आधारास जोडलेला नंबरच गेला असेल तर खात्रीचा उपाय म्हणजे आधार केंद्रावर स्वतः जाऊन नवा नंबर नोंदविणे. या कामास कोणताही कागद लागत नाही. अंगच्या खुणांनीच ओळख पटते. १ ऑक्टोबर २०२५ पासून याची फी ७५ रुपये आहे. नवा नंबर चढण्यास काही दिवस लागू शकतात, हे धरूनच चालावे. आधाराविषयीची चौकशी १९४७ या क्रमांकावर करता येते.

आधीच करून ठेवावयाची तजवीज

वरील सर्व उपाय आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहेत. खरी तजवीज उन्हाळ्यात, नांगरट आटोपून मृगाची वाट पाहत असता, सवडीने करावी. तिला दोन दिवस पुरतात.

पहिल्या दिवशी घरातील प्रत्येक नंबर कोणाच्या नावावर आहे हे कंपनीच्या दुकानी जाऊन पाहावे, आणि चुकीच्या नावावरील नंबर योग्य नावावर करून घ्यावेत. प्रत्येक खातेदाराचे, मग तो वृद्ध असो वा स्त्री, स्वतःच्या नावाचे एक सिमकार्ड असावे व तेच त्याच्या आधारास व बँकेस जोडलेले असावे. साध्या फोनमध्ये घालून ते घरातच ठेवावे. सुरतेस जाणाऱ्याच्या खिशात नव्हे. त्याचा रिचार्ज केव्हा संपतो हे भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवावे. महिन्याचा हा थोडका खर्च वायफळ नाही; तो किल्ली जपण्याचा खर्च आहे.

दुसऱ्या दिवशी एक कागद करावा. फोनवर *#०६# हे दाबले असता आयएमईआय क्रमांक दिसतो; तो त्यावर उतरवावा. नंबर, तो कोणाच्या नावावर आहे, सिमकार्डाची कंपनी, बँकेचा मदतीचा क्रमांक, शेतकरी ओळख क्रमांक, १९३० व १९४७ हे क्रमांक, आणि ईमेल असल्यास त्याचे राखीव अंक, एवढे त्या कागदावर असावे. फोन विकत घेतल्याची पावती त्यासच जोडावी. हा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यांसह पेटीत ठेवावा. त्याच कागदावर एटीएमचा पिन वा परवलीचा शब्द मात्र कदापि लिहू नये. दोन्ही किल्ल्या एका खुंटीस टांगल्या तर दुहेरी कुलपास अर्थ उरत नाही.

यासोबत फोनच्या दोन लहान गोष्टी सांभाळाव्यात. फोन उघडण्यास कुलूप असावे, आणि कुलूपबंद फोनच्या दर्शनी काचेवर आलेला संदेश वाचता येऊ नये अशी योजना करून घ्यावी. ती नसल्यास चोरास फोन उघडण्याचीही गरज पडत नाही. अंक त्यास वरूनच दिसतो.

संघाचे कर्तव्य

येथवर शेतकऱ्याने स्वतः करावयाचे सांगितले. परंतु सर्व भार त्याच्यावरच टाकून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. बँकिंगच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी नवे निर्देश काढून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविली. त्यांत दुसरी पडताळणी आवश्यकच ठेविली आहे, परंतु ती संदेशाच्या अंकानेच व्हावी असा आग्रह नाही. अन्य साधनांसही वाट मोकळी केली आहे. जे बँकांस शक्य आहे ते शेतकऱ्यांच्या योजनांस अशक्य असावयाचे कारण नाही.

यास्तव आपल्या संघाने तीन गोष्टींचा पाठपुरावा करावा, अशी आमची सूचना आहे. एक, ज्या ज्या योजनेस फोनवरील अंक लागतो, तिला अंगठ्याचा, चेहऱ्याचा वा लेखी अर्जाचा दुसरा मार्ग असावा आणि तो मार्ग कचेरीच्या फलकावर मराठीत लिहिलेला असावा. दुसरी, फोन हरवल्याची पोलिसांतील खबर मुदतीच्या आतील तारखेची असेल, तर त्या अर्जदारास थोडी वाढीव मुदत मिळावी. तिसरी, मृगापूर्वी तालुक्यातील मोठ्या गावी आधाराच्या नंबराची दुरुस्ती करणारे शिबिर भरवावे. बियाण्याच्या उगवणक्षमतेची तपासणी आपण पेरणीपूर्वी करतो. तसेच खातेदारांच्या नंबरांची तपासणी एकदा व्हावी.

वर वर्णिलेल्या खातेदारास त्याचा नंबर सव्वा महिन्याने स्वतःच्या नावाने मिळाला. त्याने यंदा घरातील चारही माणसांची सिमकार्डे ज्याची त्याच्या नावे करून घेतली असून, ठिबकासाठी पुन्हा अर्ज केला आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी आपल्या घरी हे काम अद्याप केले नसेल, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर घरातील फोन हाती घ्यावा, हा नंबर कोणाच्या नावावर आहे एवढाच प्रश्न घरच्यांस विचारावा, आणि उत्तर मिळाले नाही तर पुढच्या बाजाराच्या दिवशी पहिले काम तेच करावे.